मॉडेलिकामध्ये नाव कोठे शोधले जाते: स्कोप, वारसा आणि इनर-आउटर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्युत वाहनाच्या बॅटरी पॅकचे औष्णिक मॉडेल तुम्ही मॉडेलिका भाषेत (भौतिक प्रणाली समीकरणांनी मांडण्याची संगणक-भाषा) लिहीत आहात. पॅकच्या मॉडेलच्या पोटातच तुम्ही सेलचे छोटे मॉडेल लिहिले आणि पॅकवर जाहीर केलेला उष्णता-संक्रमण गुणांक, ज्याला आपण सगळे नुसते ‘एच’ म्हणतो, तो सेलच्या समीकरणात थेट वापरला. कंपायलरने तो नाकारला. पुढे तुम्ही हवेने थंड होणाऱ्या सेलपासून एक्स्टेंड्स (वारसा घेण्याचे विधान) वापरून द्रवाने थंड होणारा सेल काढला, त्यात उष्णतेच्या ताळेबंदाचे नवे समीकरण लिहिले, आणि आता कंपायलर म्हणतो की समीकरणे चलांपेक्षा जास्त आहेत. या दोन्हींवर कार्यालयातील एका सहकाऱ्याने उपाय सांगितला की सगळीकडे इनर आणि आउटर (वरच्या मॉडेलमधील घटक खालच्याला आपोआप दाखवणारी शब्दांची जोडी) लाव, म्हणजे कटकट मिटेल. तो उपाय योग्य आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही. कारण सांगायला मात्र थोडे मुळापासून जावे लागेल. मी गेली पंधरा-सोळा वर्षे पुण्यात याच भाषेत वाहनांची आणि त्यांच्या शीतन-प्रणालींची मॉडेले लिहीत आलो आहे, आणि या काळात नवशिक्यांच्या ज्या चुका पाहिल्या (स्वतःच्याही) त्यांतील बहुतेकांचे मूळ एकाच गैरसमजात सापडले. तो गैरसमज असा की एखादे नाव जिथे ‘वापरले’ जाते त्याच्या आसपास ते शोधले जाईल. मॉडेलिकामध्ये नाव जिथे ‘लिहिले’ आहे तिथून शोधले जाते. क्लासचा, म्हणजे मॉडेलच्या व्याख्येचा, मजकूर ज्या पॅकेजमध्ये (क्लास ठेवण्याच्या कप्प्यात) बसलेला आहे ते त्याचे मूळ गाव. त्या क्लासपासून बनवलेला घटक पुढे कुठल्याही मॉडेलमध्ये जाऊन राहिला तरी त्याच्या मजकुरातील नावांचा माग मूळ गावीच लागतो. माणूस कोथरूडला राहात असला तरी त्याच्या जमिनीचा सातबारा गावच्याच नोंदीतून निघतो, तसेच हे आहे.

प्रत्यक्ष नियम असे आहेत. (येथे सोयीसाठी मी सर्व संज्ञा देवनागरीत लिहीत आहे; संगणकावर त्या रोमन लिपीतच टंकायच्या आहेत.) समीकरणात एखादे साधे नाव आले की कंपायलर प्रथम ते फॉर-लूपच्या फिरत्या चलांमध्ये पाहतो. तिथे नसेल तर ज्या क्लासमध्ये ते समीकरण लिहिले आहे त्याच्या घटकांमध्ये पाहतो, आणि या घटकांमध्ये वारशाने आलेले घटकही धरलेले असतात. तिथेही नसेल तर त्या क्लासमधील इम्पोर्ट विधाने (दुसऱ्या पॅकेजमधील नावे आणणारी) पाहिली जातात. एवढे करूनही नाव सापडले नाही तर तो मजकुराच्या दृष्टीने बाहेरच्या क्लासमध्ये जातो, तिथे हीच तपासणी करतो, मग त्याच्याही बाहेर, असे करत थेट मुळापर्यंत पोहोचतो. वाटेत एखाद्या क्लासवर एन्कॅप्सुलेटेड असे लिहिलेले असेल तर शोध तिथेच थांबतो. केवळ रिअल, टाइम यांसारखी भाषेतच असलेली नावे त्यापलीकडूनही दिसतात.

आता तुमच्या पहिल्या चुकीचे मर्म. बाहेरच्या क्लासमध्ये शोधताना एखादे चल सापडलेच, तर ते कॉन्स्टंट, म्हणजे कायमची ठरलेली किंमत, असले पाहिजे, अशी भाषेची अट आहे. पॅरामीटर, म्हणजे मॉडेल चालवण्याआधी ठरवायची किंमत, चालत नाही, बदलते चल तर नाहीच. तुमच्या सेलने ‘एच’ शोधला, स्वतःत सापडला नाही, म्हणून तो बाहेर पॅकमध्ये गेला, तिथे तो सापडला, पण पॅरामीटर म्हणून. आणि म्हणून त्रुटी आली. ही अट लहरीपणाची वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. सेल हा क्लास म्हणजे मजकूर आहे. पॅकचा ‘एच’ मात्र पॅकच्या प्रत्येक प्रत्यक्ष घटकाचा स्वतंत्र गुण आहे. समजा एका गाडीत दोन पॅक आहेत, एकाचा ‘एच’ 25 आणि दुसऱ्याचा 40 वॅट प्रति चौरस मीटर केल्विन. मग सेलच्या मजकुरातील ‘एच’ म्हणजे कोणता? मजकुराला कुठल्या पॅकमध्ये आपला वापर होणार आहे हे ठाऊक नसते. कॉन्स्टंटची गोष्ट वेगळी, कारण त्याची किंमत घटकागणिक बदलत नाही. म्हणून मॉडेलिका प्रमाण ग्रंथालयातील (तयार घटकांच्या संचातील) गुरुत्व-त्वरण किंवा पाय तुम्ही कुठूनही वापरू शकता.

त्यामुळे मार्ग असा की सेलला स्वतःचा ‘एच’ द्यायचा आणि पॅकने तो सेलच्या हातात ठेवायचा:

मॉडेल पॅक
  पॅरामीटर रिअल एच = 25;
  सेल सेल्स[96](ईच एच = एच);
एंड पॅक;

‘एच = एच’ हे पाहून अनेकांना हसू येते किंवा धास्ती वाटते. त्यात विनोद नाही आणि धोकाही नाही. डावीकडचा ‘एच’ सेलच्या आतला आहे, उजवीकडचा पॅकचा. बदल ज्या ओळीत लिहिला त्या ओळीच्या जागेवरून उजवी बाजू शोधली जाते, आणि ज्याच्यावर तो लागू होतो त्याच्या पोटात डावी बाजू शोधली जाते. ही एक ओळ ज्याला नीट समजली त्याला मॉडेलिकाचा निम्मा स्कोप, म्हणजे नाव कुठून दिसते याचे नियम, समजला असे मी मानतो. ‘ईच’ विसरू नका: तो नसेल तर कंपायलर उजव्या बाजूला 96 किमतींची मालिका अपेक्षितो, आणि तुम्ही एकच किंमत दिल्याची तक्रार करतो.

हाच नियम फंक्शनलाही लागू आहे, आणि तिथे तो जास्त बोचतो. मॉडेलच्या पोटात लिहिलेल्या फंक्शनला त्या मॉडेलचे पॅरामीटर दिसत नाहीत. जे हवे ते इनपुट म्हणून द्यावे लागते. पायथॉनची सवय असलेल्यांना हा जाच वाटतो. माझे मत उलटे आहे: ज्या फंक्शनला आठ-दहा इनपुट लागतात ते बहुधा फंक्शन नसून स्वतंत्र घटक व्हायला हवे होते, आणि भाषेची ही अट ते वेळीच उघड करते.

स्कोपचा आणखी एक सापळा सांगितल्याशिवाय पुढे जात नाही, कारण तो तुमच्याही वाटेवर आहे. प्रमाण ग्रंथालयातील एखाद्या घटकाचा मजकूर उचलून आपल्या पॅकेजमध्ये चिकटवायचा आणि त्यात दोन ओळी बदलायच्या, हा प्रकार सर्रास चालतो. चिकटवताच डझनभर त्रुटी येतात आणि माणूस चक्रावतो, कारण मूळ घटक तर उत्तम चालत होता. झालेले असते एवढेच की मजकुराचे गाव बदलले. मूळ मजकुरात एककांच्या पॅकेजसाठी ‘एसआय’ हे टोपणनाव वापरले होते, आणि त्याचे इम्पोर्ट विधान बाहेरच्या पॅकेजवर होते. ते मागे राहिले. मूळ मजकुरात ‘इंटरफेसेस.वनपोर्ट’ असा अर्धा पत्ता होता, आणि तुमच्याही पॅकेजमध्ये इंटरफेसेस नावाचे उपपॅकेज आहे. मग कंपायलरला पहिला शब्द तुमच्या घरातच सापडतो आणि तो तिथेच थांबतो. टिंब असलेल्या नावात बाहेर-बाहेर जाऊन शोध केवळ पहिल्या शब्दाचा होतो. पुढचे शब्द सापडलेल्या वस्तूच्या आतच असले पाहिजेत. वनपोर्ट तुमच्या इंटरफेसेसमध्ये नाही म्हणून त्रुटी येते, आणि ग्रंथालयातील इंटरफेसेसकडे कंपायलर ढुंकूनही पाहात नाही. उपाय म्हणजे मुळापासूनचा संपूर्ण पत्ता लिहिणे. अगदीच घोळ असेल तर नावाच्या आरंभी टिंब दिले की शोध थेट मुळापासून सुरू होतो. काही साधने नक्कल करतानाच पत्ते पूर्ण करून देतात, पण मजकूर हाताने चिकटवणाऱ्याला ती मदत मिळत नाही. शिवाय ग्रंथालयाची 4.0.0 ही आवृत्ती 2020 साली आली तेव्हा एककांचे पॅकेज ‘एसआययुनिट्स’वरून ‘युनिट्स.एसआय’ येथे हलले. तेव्हा जुन्या प्रकल्पातून उचललेला मजकूर या कारणानेही अडतो.

आता वारसा. एक्स्टेंड्स लिहिले की आधार-क्लासमधील घटक आणि समीकरणे तुमच्या क्लासची होतात, हे सर्वांना माहीत असते. त्या समीकरणांतील नावे मात्र आधार-क्लासच्याच गावात शोधली जातात, हे निसटते. म्हणजे आधार-क्लासच्या समीकरणात ‘टी_द्रव’ असे नाव वापरायचे, ते तिथे जाहीर करायचे नाही, आणि वारसदार ते पुढे जाहीर करील अशी आशा ठेवायची, हे चालत नाही. आधार-क्लास अर्धवट असू शकतो, त्यावर पार्शल असे लिहून तसे सांगताही येते, पण तो समीकरणांच्या बाबतीत अर्धवट असतो, नावांच्या बाबतीत नव्हे. विद्युत ग्रंथालयातील वनपोर्ट याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात दोन टोके आहेत, दोन टोकांमधील व्होल्टेज-फरकाचे समीकरण आहे, दोन्ही प्रवाहांची बेरीज शून्य हे समीकरण आहे, आणि व्होल्टेज व प्रवाह ही दोन्ही चले जाहीर केलेली आहेत. त्या दोघांमधील नाते मात्र दिलेले नाही. रेझिस्टर ते नाते ओहमच्या नियमाने देतो, कपॅसिटर अवकलजाने देतो. आधार-क्लास कसा असावा हे शिकायचे असेल तर जाडजूड पुस्तकांआधी तो वीस-पंचवीस ओळींचा मजकूर वाचावा.

एक्स्टेंड्सच्या कंसात जे बदल आपण लिहितो त्यांच्या बाबतीत वर सांगितलेला डाव्या-उजव्या बाजूचा नियमच लागू होतो, पण येथे एक गाठ बसते. घटक जाहीर करताना ‘रिडिक्लेअर पॅकेज मीडियम = मीडियम’ (रिडिक्लेअर म्हणजे नवी व्याख्या देणे, मीडियम म्हणजे द्रवाच्या गुणधर्मांचे पॅकेज) असे लिहिणे पूर्ण योग्य आहे: डावा मीडियम पाइपचा, उजवा तुमच्या मॉडेलचा. तीच ओळ एक्स्टेंड्सच्या कंसात लिहिली की घोटाळा होतो, कारण आधार-क्लासमधील मीडियम वारशाने तुमचाच झालेला असतो. उजवीकडचा मीडियम शोधायला गेले की तोच सापडतो आणि नाव स्वतःकडेच बोट दाखवते. खरे तर येथे काहीच लिहायची गरज नसते. आधारातील मीडियम रिप्लेसेबल, म्हणजे बदलता येण्याजोगा, असेल तर वारशाने येतानाही तो रिप्लेसेबलच राहतो, आणि तुमचे मॉडेल वापरणारा तो थेट बदलू शकतो. ठरावीक द्रव पक्का करायचा असेल, उदाहरणार्थ 47 टक्के ग्लायकॉलचे मिश्रण, तर उजवीकडे त्याचा संपूर्ण पत्ता लिहावा.

आणि आता तुमची दुसरी चूक, जी मला तुमच्या तिन्ही मुद्द्यांत सर्वांत महत्त्वाची वाटते. तुमच्या आधार-सेलमध्ये, तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून, समीकरण साधारण असे आहे (सी ही उष्णताधारिता, टी हे सेलचे तापमान, डेर म्हणजे काळानुसार अवकलज, ए हे क्षेत्रफळ):

सी * डेर(टी) = क्यू_निर्मिती - एच * ए * (टी - टी_हवा);

वारसदार सेलमध्ये तुम्ही याच तापमानासाठी द्रवाचे दुसरे समीकरण लिहिले आणि गृहीत धरले की नवे समीकरण जुन्याची जागा घेईल, जसे जावा किंवा सी प्लस प्लसमध्ये त्याच नावाची नवी मेथड जुनीची जागा घेते. मॉडेलिकामध्ये वारशाने आलेले समीकरण अशा रीतीने झाकता येत नाही. नवे समीकरण जुन्याच्या शेजारी जाऊन बसते. अज्ञाते तेवढीच राहिली, समीकरण एक वाढले, आणि कंपायलरने प्रणाली अतिनिर्धारित असल्याचे सांगितले.

असे का, हे समजून घेतले तर पुन्हा चूक होणार नाही. मेथडला नाव असते, म्हणून ‘या नावाची जुनी काढा, नवी ठेवा’ असे म्हणता येते. समीकरणाला नाव नसते. ‘टीचे समीकरण’ ही आपल्या मनातील कल्पना आहे. भाषेला ती मान्य नाही. ओहमचा नियम व्होल्टेजचे समीकरण आहे की प्रवाहाचे? स्रोत व्होल्टेजचा जोडला तर त्यातून प्रवाह निघेल, स्रोत प्रवाहाचा जोडला तर व्होल्टेज निघेल. बरोबरचे चिन्ह येथे ‘डावीकडे किंमत भरा’ असे सांगत नाही, दोन्ही बाजू समान आहेत एवढेच सांगते. कोणत्या समीकरणातून कोणते अज्ञात काढायचे हे संपूर्ण प्रणाली सपाट केल्यावर, म्हणजे सर्व घटकांची समीकरणे एकत्र मांडल्यावर, कंपायलर ठरवतो, आणि ते दर मॉडेलमध्ये वेगळे निघू शकते. मग ‘जुने समीकरण काढा’ म्हटले तर कोणते काढणार? स्वीडनचे संशोधक हिल्डिंग एल्मक्विस्ट यांच्या पुढाकाराने 1996 मध्ये या भाषेची आखणी सुरू झाली आणि 1997 मध्ये पहिली आवृत्ती निघाली, तेव्हापासून दिशा न ठरवलेले समीकरण हाच तिचा कणा आहे. त्याची ही किंमत आहे, आणि माझ्या मते ती वाजवी आहे. 2007 च्या 3.0 आवृत्तीने तर प्रत्येक अ-पार्शल मॉडेल स्वतःपुरते संतुलित असावे, म्हणजे त्याची समीकरणे आणि अज्ञाते यांची संख्या जुळावी, अशी अट घातली. त्याआधी हा घोळ संपूर्ण वाहन जोडल्यावर शेवटी उघडकीस यायचा आणि दोषी घटक शोधण्यात दिवस जायचा. आता प्रत्येक घटक वेगळा तपासता येतो.

यातून बाहेर पडायचे मार्ग तीन आहेत आणि ते सारख्या योग्यतेचे नाहीत. फक्त गुणांकाचे सूत्र बदलत असेल, तर ‘एच’ला समीकरण-विभागात न लिहिता जाहीर करतानाच किंमत द्यावी. घोषणेला चिकटलेले समीकरण हा एकमेव प्रकार असा आहे की त्याला पत्ता असतो, ज्या चलाला ते चिकटले आहे त्याचे नाव. म्हणून वारसदार एक्स्टेंड्सच्या कंसात ‘एच’ला नवे सूत्र देऊ शकतो आणि जुने सूत्र खरोखरच जागा सोडते. हा सर्वांत हलका उपाय, पण तो केवळ गुणांकापुरताच पुरतो. तुमच्या बाबतीत भौतिक नियमच बदलतो आहे, म्हणून आधार-सेलमधून शीतनाचा नियम काढून टाकावा: तिथे ‘क्यू_शीतन’ हे चल जाहीर करावे, ताळेबंदात ते वापरावे, त्याचे समीकरण मात्र देऊ नये, आणि क्लासवर पार्शल लिहावे. हवेचा सेल आणि द्रवाचा सेल हे दोघे सख्खे भाऊ होतील आणि प्रत्येक जण आपला नियम देईल. आत्ता तुम्ही द्रवाच्या सेलला हवेच्या सेलचा मुलगा केले आहे, आणि तो तसा नाहीच.

तिसरा मार्ग मला स्वतःला सर्वांत पसंत आहे, तो म्हणजे वारसाच न घेणे. सेलला उष्णतेचे एक पोर्ट (दुसरा घटक जोडण्याचे टोक) द्यावे, उष्णता तिथून बाहेर जाते एवढेच सेलला ठाऊक असावे, आणि शीतन हा वेगळा घटक करून त्या पोर्टला जोडावा. ग्रंथालयातील औष्णिक विभागात संवहनाचा घटक तयार आहे. त्याला ‘एच’ आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार, म्हणजे वॅट प्रति केल्विनमधील वहनता, बाहेरून सिग्नल म्हणून द्यायची असते. उद्या तुम्हाला शीतपट्टी हवी झाली, परवा तळाशी द्रव आणि माथ्यावर हवा असा मिश्र प्रकार हवा झाला, तर सेलला हातही लावावा लागणार नाही. वारशाचे झाड चार पिढ्या खोल गेलेले मी पाहिले आहे. तिथे एखादे समीकरण कुठून आले हे शोधायला चार खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात आणि तरीही शंका राहते.

वारशाबद्दल उरलेले चटकन सांगतो. मॉडेलिकामध्ये एकापेक्षा अधिक आधार घेता येतात. रेझिस्टर वनपोर्टचाही वारसा घेतो आणि ऐच्छिक उष्णता-पोर्टाच्या क्लासचाही. दोन वाटांनी एकाच नावाचा घटक आला तर त्यांच्या घोषणा एकसारख्या असाव्या लागतात, मग त्यांतील एकच ठेवला जातो. त्या वेगळ्या असतील तर त्रुटी येते. ‘जवळचा दूरच्याला झाकतो’ असे येथे होत नाही. म्हणून आधारातील पॅरामीटरची मूळ किंमत बदलण्यासाठी तो वारसदारात नव्याने जाहीर करू नका, एक्स्टेंड्सच्या कंसात किंमत द्या. प्रोटेक्टेड घटक बाहेरून टिंब देऊन दिसत नाहीत, वारसदाराला मात्र दिसतात, आणि एक्स्टेंड्सच्या कंसातून त्यांच्यात बदलही करता येतो. फायनल लावलेल्या घटकात असा बदल करता येत नाही. इम्पोर्ट विधानांचा वारसा मिळत नाही. आधाराने जे टोपणनाव घेतले ते तुमच्यासाठी नाही, तुमचे तुम्ही घ्या.

राहिला इनर-आउटरचा प्रश्न. येथे, आणि केवळ येथे, नाव मजकुराच्या गावी शोधले जात नाही, तर घटक प्रत्यक्ष जिथे राहतो तिथून वर वर शोधले जाते. घटकावर आउटर लिहिले की तो स्वतः काही निर्माण करीत नाही. ज्या मॉडेलमध्ये तो बसवला आहे, ते मॉडेल ज्याच्यात बसवले आहे, असे वर जात त्याच नावाचा सर्वांत जवळचा इनर सापडला की त्याच्याकडे तो बोट दाखवतो. यांत्रिकी ग्रंथालयातील वर्ल्ड आणि द्रव ग्रंथालयातील सिस्टम हे याच रीतीने चालतात. गुरुत्वाकर्षण किंवा बाहेरची हवा प्रत्येक घटकाला हाताने द्यावी लागू नये, म्हणून ही सोय केलेली आहे. जे खरोखरच संपूर्ण परिसराला व्यापून असते त्याच्यासाठी ती वापरावी.

‘सर्वांत जवळचा’ या शब्दांनी मला एकदा चांगलेच फसवले. सिस्टममध्ये वातावरणाचा दाब मुळात 1,01,325 पास्कल धरलेला असतो आणि तापमान 293.15 केल्विन, म्हणजे 20 अंश. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच असल्यामुळे येथे दाब 95 किलोपास्कलच्या आसपास असतो, आणि एप्रिलच्या दुपारी पारा 40 ला टेकतो. एका वाहनाच्या रेडिएटर आणि पंख्याचे काम करताना मी वाहनाच्या मॉडेलमध्ये सर्वांत वर इनर सिस्टम ठेवून दाब आणि तापमान पुण्याचे भरले होते. रेडिएटरचे मॉडेल मात्र आधी एकट्याने तपासण्यासाठी लिहिलेले होते आणि तपासणीच्या सोयीसाठी त्याच्या आतच एक इनर सिस्टम टाकून ठेवला होता. त्यात तापमान मी हाताने 40 अंश केले होते, दाब मात्र मूळचाच राहिला होता. ते मॉडेल तसेच्या तसे वाहनात बसवले. त्रुटी आली नाही, सूचनाही आली नाही. रेडिएटरच्या आतील घटकांना जवळचा इनर घरातच सापडला, आणि त्यांनी समुद्रकाठची हवा वापरली. 40 अंशांना 95 किलोपास्कलवर कोरड्या हवेची घनता सुमारे 1.06 किलो प्रति घनमीटर येते, समुद्रसपाटीच्या दाबावर 1.13. पंखा तेवढेच घनफळ ढकलत असताना हवेचे वस्तुमान सहा टक्क्यांहून अधिक फुगवून मोजले जात होते, आणि शीतन कागदावर छान दिसत होते. चूक माझीच होती. तेव्हापासून तपासणीचे मॉडेल मी नेहमी वेगळे लिहितो: त्यात इनर असतो आणि तपासायचा घटक असतो; घटकाच्या पोटात इनर कधीही ठेवत नाही.

याच्या उलट टोकाची चूकही होते. वर कुठेच इनर नसेल तर साधन बहुधा मूळ किमतींसह तो आपोआप निर्माण करते आणि एक सूचना देते, जी कोणी वाचत नाही. नव्या मॉडेलवर काम करताना मी ती सूचना त्रुटीच मानतो.

घाटातील चढाचे अनुकरण (सिम्युलेशन) करणार असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत गाडी सुमारे 500 मीटर चढते, म्हणजे दाब वाटेत बदलतो. सिस्टममधील वातावरणाचा दाब हा पॅरामीटर आहे, तो अनुकरण चालू असताना बदलू शकत नाही. अशा वेळी स्वतःचा पर्यावरण-घटक लिहावा, त्यात दाब हे उंचीवर अवलंबून असलेले चल ठेवावे, तो इनर म्हणून वर मांडावा, आणि द्रवाच्या सीमा-घटकांना दाबाचा सिग्नल बाहेरून घ्यायला लावावा. सीमा-घटकांत तसा पर्याय असतो.

तर मग तुमच्या ‘एच’साठी आउटर का नको? ‘एच’ हा परिसराचा गुण नाही, त्या सेलच्या पृष्ठभागाचा आणि त्यावरून जाणाऱ्या प्रवाहाचा गुण आहे. कडेच्या सेलचा वेगळा असेल, मधल्याचा वेगळा. आउटरने सर्व 96 सेल एकाच किमतीला बांधले जातील, तर पॅरामीटर म्हणून दिला तर उद्या ‘ईच’ काढून 96 किमतींची मालिका देता येईल. दुसरे असे की आउटर असलेला सेल एकट्याने उभा राहू शकत नाही, आणि त्याला काय काय लागते हे त्याच्या घोषणेकडे पाहून लगेच कळत नाही. सहकाऱ्याच्या उपायाने आजची त्रुटी जाईल हे खरे, पण तिच्या जागी न दिसणारी चूक येण्याची वाट मोकळी होईल. बाहेरच्या हवेचे तापमान मात्र खुशाल आउटरमधून घ्या.

हे सगळे बदल केल्यावर मॉडेल लगेच चालवू नका. ओपनमॉडेलिका या मॉडेलिकाच्या मुक्त साधनाच्या संपादकात मॉडेल इन्स्टँशिएट करण्याची आज्ञा आहे. ती दिली की संपूर्ण मॉडेल सपाट होऊन मजकूर म्हणून समोर येते. वारसा, बदल, आउटर हे सारे त्यात विरघळलेले असते आणि प्रत्येक चलाचा पूर्ण पत्ता दिसतो. तिथे ‘सेल्स[1].एच’ला कोणती किंमत चिकटली आहे ते पाहा, तापमानाचे अवकलज प्रत्येक सेलमागे एकाच समीकरणात येते की दोन समीकरणांत ते मोजा, आणि हवेच्या दाबाचा उल्लेख ‘सिस्टम’ने सुरू होतो की ‘रेडिएटर.सिस्टम’ने, तेवढे शोधा. दुसरा पत्ता आढळला, तर रेडिएटरच्या पोटात कोणीतरी इनर ठेवून गेले आहे.